मधली उसंत

आपल्या छातीत बसवलेला, हृदयाला मदत करणारा पंप कुणाच्या कंट्रोलरवर चालतो, हा प्रश्न जयसिंग मोहोळकरांना कधी पडलाच नव्हता. पंप चालत होता, तेवढं पुरे होतं. मग एका सकाळी, अंबडच्या आपल्या कारखान्यात केबिनकडे जाणारा जिना चढताना ते मध्येच कठडा धरून उभे राहिले. पुढची पायरी चढायला श्वासच पुरेना.

रुग्णालयात डॉ. नफीसा काझींनी त्यांना तपासलं आणि समजावून सांगितलं. पंप ठणठणीत आहे, हृदयही पूर्वी होतं तसंच आहे. पण पंपाला वीज पुरवणारे स्विच अपेक्षेपेक्षा लवकर जुने झालेत, त्यामुळे कंट्रोलरने स्वतःहून पंपाचा वेग उतरवलाय. पहिल्या खेपेच्या काही पंपांत असं होतंय. उपाय आहे, त्याला फेरशिकवणी म्हणतात. कंट्रोलरला त्याचे स्विच नव्याने ओळखायला शिकवायचं. ते काम करणारी एकच प्रमाणित अभियंता सध्या देशात आहे, आणि नशिबाने ती इथेच, सातपूरला असते.

मोहोळकरांनी नाव विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "हर्षदा गांगुर्डे."

मोहोळकरांनी नजर खिडकीकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, की दुसरं कुणी मिळणार नाही का. डॉक्टरांना वाटलं, बाई आहे म्हणून विचारतायत. त्यांनी जरा कोरडेपणानेच सांगितलं, की दोन जण शिकतायत, पण ते तयार व्हायला वर्ष तरी जाईल. तोवर अंथरुणात पडून राहायची तयारी असेल तर थांबा.

हर्षदा एके काळी मोहोळकरांच्याच 'तेजोवर्धन पॉवर'मध्ये कामाला होती. तिचा नवरा सुयोगही तिथेच. ती कंट्रोलर घडवायची, तो ते चाचणीच्या खोलीत तावून-सुलाखून बघायचा. कंपनी विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांचे चार्जर बनवत असे.

अशा चार्जरच्या पोटात, खरं तर विजेचं रूप पालटणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या पोटात, दोन स्विचांची जोडी असते. तिला हाफ-ब्रिज म्हणतात. वरचा स्विच मधल्या तारेला धन टोकाशी जोडतो, खालचा ऋण टोकाशी. दोघं आळीपाळीने, सेकंदाला लाखो वेळा, चालू-बंद होतात आणि त्यांच्या लयीतून हवी तशी वीज घडते. पथ्य एकच. दोघं एकाच वेळी चालू असता कामा नयेत. तसं झालं तर धन आणि ऋण टोकं थेट एकमेकांना भिडतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं उडतं. पण 'बंद हो' म्हटल्याबरोबर कुठलाच स्विच बंद होत नाही, त्याला जरा वेळ लागतो. म्हणून एकाला बंद केल्यावर दुसऱ्याला चालू करण्याआधी कंट्रोलर थांबतो. सेकंदाचा एखादा कोट्यंश, एवढाच. या थांबण्याला पुस्तकात डेड-टाइम म्हणतात. सुयोग त्याला मधली उसंत म्हणायचा.

उसंत जास्त ठेवली तर धोका नाही, पण तेवढ्या वेळात अडलेला प्रवाह आडवाटेने जातो आणि वाया जाऊन नुसती उष्णता होते. कमी ठेवली तर यंत्र थंड राहतं, म्हणून लहान करता येतं. फारच कमी ठेवली तर स्फोट. नेमकी किती हवी, ते स्विच किती तापलाय, किती भार ओढतोय, किती जुना झालाय यावर ठरतं, आणि हे सगळं सतत बदलत असतं. म्हणून त्या काळी अभियंते अंदाजाने उसंत थोडी जास्तच ठेवत. हर्षदानेही तेच केलं होतं.

त्या वर्षी एका मोठ्या शहराच्या बससेवेसाठी चार्जर निवडले जाणार होते आणि प्रतिस्पर्ध्याचा चार्जर तेजोवर्धनपेक्षा लहान होता. मोहोळकरांनी हर्षदाला उसंत निम्म्यावर आणायला सांगितलं. तिने नकार दिला. तापल्यावर हे स्विच बंद व्हायला उशीर करतात, तेव्हा एवढी उसंत पुरणार नाही, असं तिने सर्वांसमोर सांगितलं. मोहोळकर हसले आणि त्यांनी विषय बदलला. संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या एका माणसाकडून कंट्रोलरमधला आकडा बदलून घेतला.

सुयोगला यातलं काहीच सांगितलं गेलं नाही. सकाळी त्याने नेहमीप्रमाणे खोली तापवली, चार्जरवर पूर्ण भार टाकला आणि कॅबिनेटसमोर उभा राहून नोंदी घेऊ लागला. दोन्ही स्विच एकदम चालू राहिले. कॅबिनेटचं दार बिजागऱ्यांसकट उखडून त्याच्या अंगावर आलं.

चौकशी झाली तेव्हा कंट्रोलरमधला आकडा पुन्हा जुनाच झालेला होता. कंपनीने सांगितलं, की गांगुर्डेंनी चालू यंत्राचं दार उघडलं. मानवी चूक. हर्षदाने जे सांगितलं ते लोकांनी मान हलवून ऐकून घेतलं, विधवेचं ऐकून घेतात तसं. एवढ्यावर ते थांबतं तर कदाचित काळाने तिला बोथट केलं असतं. पण तेजोवर्धनने त्या अपघातावर प्रशिक्षणाची चित्रफीत काढली. यंत्र चालू असताना दार उघडणारा निष्काळजी कामगार आणि त्याचं काय होतं. फितीत नाव नव्हतं, पण शिकवणारे तिला 'गांगुर्डे केस' म्हणत. ती फीत इतर कारखान्यांत गेली, मग आयटीआयमध्ये. एकदा शेजारी राहायला आलेल्या शिकाऊ मुलीने दारावरची पाटी वाचून सुयोगच्या आईला सहज विचारलं, की गांगुर्डे केसमधले ते गांगुर्डे तुमचे कुणी लागतात का.

सुयोगची आई, मंदाकिनीबाई, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. जन्मभर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. "माझा मुलगा," एवढंच म्हणून त्यांनी दार लावलं. आत येऊन त्यांनी हर्षदाला सांगितलं, की रडून झालं असेल तर आता काहीतरी कर.

हर्षदाने सातपूरला एक गाळा घेतला आणि पुढची कित्येक वर्षं एकाच प्रश्नावर घातली. उसंत अंदाजाने का ठरवायची? तिचा कंट्रोलर अंदाज करत नसे, ऐकत असे. दोन स्विचांच्या मधल्या तारेवरचा विजेचा दाब तो सतत बघे आणि वरचा स्विच खरोखर बंद झाल्याची खूण दिसताच, त्याच क्षणी, खालच्याला हुकूम देई. प्रत्येक स्विचचा स्वभाव तो शिकत जाई. गार असताना कसा वागतो, तापल्यावर कसा, म्हातारा झाल्यावर कसा. उसंत जवळपास उरलीच नाही, आणि तिच्याबरोबर उष्णताही गेली.

याचा परिणाम कुठवर जाईल, हे तिलाही माहीत नव्हतं. चार्जर हाताच्या तळव्यावर मावू लागले, हे तर झालंच. पण शरीराच्या आत यंत्र बसवण्यात सगळ्यात मोठी अडचण उष्णतेचीच असते. आसपासचा मांसाचा थर दोन अंश वाढही सोसत नाही. हृदयाला मदत करणाऱ्या पंपांचे कंट्रोलर म्हणून कमरेला बांधावे लागत आणि पोटाच्या कातडीतून वायर आत न्यावी लागे. तिथे जंतू शिरत, माणसं त्याने दगावत. हर्षदाच्या कंट्रोलरनंतर सगळंच छातीत मावलं. रात्री एक बंडी घालून झोपायचं, ती कातडीवरूनच बॅटरी भरते. हजारो माणसं अशी जगू लागली, पोहू लागली, नातवंडं खांद्यावर घेऊ लागली. सत्कारात लोक हर्षदाच्या करुणेबद्दल बोलत. ती मान खाली घालून ऐके. तिने ते करुणेतून केलंच नव्हतं. उसंत किती ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार मोहोळकरांसारख्या माणसाच्या हातून कायमचा काढून घ्यायचा, एवढ्या एका रागावर तिने ते यंत्र उभं केलं होतं.

डॉ. काझींचा फोन आला तेव्हा तिने नाव ऐकलं आणि फक्त विचारलं, की रुग्णाला माझं नाव सांगितलंय का.

घरी तिने मंदाकिनीबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवून त्यांनी विचारलं, की तो घाबरलाय का. हर्षदा म्हणाली, अजून भेटले नाही. बाई म्हणाल्या, मग भेट, आणि नीट भेट.

रुग्णाला आधी सगळं समजावून सांगून त्याची संमती घेणं हा फेरशिकवणीचा नियम होता. एरवी हर्षदा ते हलक्या हाताने करी, माणसं घाबरू नयेत म्हणून. मोहोळकरांच्या बाबतीत तिने नियम अक्षरशः पाळला. डॉ. काझी शेजारी बसल्या होत्या. मोहोळकर पलंगावर उशीला टेकून होते, ओठ निळसर पडलेले. पूर्वी ते तिला 'अगं हर्षदा' म्हणत. आता म्हणाले, "या मॅडम. बसा."

हर्षदाने खुर्ची ओढून घेतली आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. तुमच्या पंपातले स्विच आता बंद व्हायला उशीर करतात. कंट्रोलरला ते ऐकू येतं, म्हणून तो उसंत वाढवतो. उसंत वाढली की उष्णता वाढते. तुमची छाती आतून भाजू नये म्हणून तो पंप हळू चालवतो, आणि म्हणून तुम्हाला धाप लागते. फेरशिकवणीत मला त्याचं संरक्षण काही क्षण उठवावं लागतं. तेवढ्या वेळात तो काहीही ठरवत नाही. उसंत किती ठेवायची ते मी ठरवते, पडद्यावर बघून, हाताने. मी गरजेपेक्षा कमी ठेवली तर दोन्ही स्विच एकदम चालू होतील आणि पंप थांबेल. बाहेरचा पंप तयार असतो, पण तो जोडून होईपर्यंत मेंदू तग धरेलच असं नाही. तसं झालंच तर कारण सांगणं अवघड असतं. स्विच जुने होते, असं म्हणता येतं. किंवा मानवी चूक.

शेवटचे दोन शब्द तिने इतर शब्दांसारखेच उच्चारले. डॉ. काझींना त्यात काही वेगळं वाटलं नाही. मोहोळकरांच्या हाताने चादरीची कड घट्ट धरली.

त्यांनी डॉक्टरांना बाहेर जायची विनंती केली. मग घसा साफ करून ते बोलू लागले. झालं ते वाईट झालं, सुयोग हुशार मुलगा होता, त्या दिवसांत कंपनीवर फार ताण होता. ती पाटीवर लिहिलेलं वाचावं तशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्हाला काय हवंय ते सांगा," अखेर ते म्हणाले.

"मला काही नको. तुमचा नंबर पुढच्या महिन्यात आहे. तुमच्याआधी सहा जण आहेत."

"तोवर मी..."

"तोवर पडून राहा. जिने चढू नका."

नंबर पुढे घेण्यासाठी त्यांनी नंतर बरेच फोन केले, वरून दबावही आणला. हर्षदाने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की आधीच्या सहा जणांचा श्वासही अशाच पंपावर चालतो.

तो महिना मोहोळकरांनी कसा काढला, हे पुढे त्यांच्या मुलाने न्यायालयात सांगितलं. ते झोपत नसत. छातीवर हात ठेवून पंपाची घरघर ऐकत राहत. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे त्यांना नीट ठाऊक होतं, आणि म्हणून ती काय करणार याबद्दलही त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. तिने एकदा धमकी दिली असती, काही मागितलं असतं, तरी त्यांना बरं वाटलं असतं. मागणाऱ्याशी बोलता येतं. ती काहीच मागत नव्हती.

नंबर यायच्या आठवडाभर आधी मोहोळकरांनी कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्राच्या सभागृहात नव्या तुकडीला बोलावलं आणि गांगुर्डे कुटुंबाला निरोप पाठवला. हर्षदा गेली नाही. मंदाकिनीबाई गेल्या, इस्त्रीची साडी नेसून, आणि पहिल्या रांगेत बसल्या. मोहोळकरांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. त्यांनी ती फीत पडद्यावर लावायला सांगितली आणि मध्येच थांबवली, दार उघडणारा कामगार दिसतो तिथे. मग दर दोन वाक्यांना थांबत, श्वास घेत, त्यांनी सांगितलं, की हा माणूस असा नव्हता. त्याने दार उघडलं नाही. उसंत मी कमी करायला लावली, चौकशीआधी आकडा मीच परत बदलून घेतला, आणि दोष मेलेल्या माणसावर टाकला, कारण तो बोलू शकत नव्हता. ज्या माणसाकडून आकडा बदलून घेतला त्याचं नावही त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर मंदाकिनीबाईंनी पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "त्यांच्यासमोर नाव घेतलं त्याचं. पूर्ण नाव घेतलं. सुयोग रामचंद्र गांगुर्डे." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हर्षदाच्या देखत रडल्या.

ती बातमी दोन दिवसांत सगळीकडे गेली. पोलिसांनी जुनं प्रकरण उघडलं. परदेशी स्थायिक झालेल्या त्या दुसऱ्या माणसाने सगळं कबूल केलं. मोहोळकरांच्या मुलाने त्यांना संचालकपदावरून दूर केलं आणि ती फीत जिथे जिथे गेली होती तिथून परत मागवली. मोहोळकरांच्या वकिलाने त्यांना सल्ला दिला, की आता फेरशिकवणी करूच नका. अंथरुणाला खिळलेल्या आरोपीला न्यायालय सोडून देतं, धडधाकट माणसाला सोडत नाही.

नंबराच्या दिवशी मोहोळकर आले नाहीत. हर्षदाने त्यांची जागा पुढच्या रुग्णाला दिली आणि डॉ. काझींना सांगून ठेवलं, की ते येतील तेव्हा मला बोलवा, कितीही कामात असले तरी. काझींना तोवर सगळं कळलं होतं. त्यांनी हर्षदाला स्पष्टच विचारलं, की तू हे करावंस का. हर्षदा म्हणाली, की तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा आणि माझ्या हाताकडे बघत राहा.

मोहोळकर फार दिवस टिकले नाहीत. स्विच आणखी जुने होत गेले, पंप आणखी हळू. कूस बदलली तरी डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. तुरुंग लांब होता, श्वास जवळ होता. एका दुपारी रुग्णवाहिका त्यांना घेऊन आली.

फेरशिकवणीला फार यंत्रं लागत नाहीत. छातीवर एक चकती ठेवतात, समोर पडद्यावर मधल्या तारेचा आलेख उमटतो. हर्षदाने तो पाहिला. हे तिचंच बाळ होतं, पहिल्या खेपेतलं, आता थकलेलं. वरचा स्विच बंद होताना आलेख सुरुवातीला सरळ उतरे आणि मग शेवटाला रेंगाळे. तिने संरक्षण उठवलं. आता पंप तिच्या बोटावर चालत होता. चकती खाली-वर होत होती. उसंत आणखी एका पायरीने उतरवायची आणि बोट उचलायचं नाही, बस. शेजारी काझी उभ्या होत्या, पण त्यांना तो आलेख वाचता येत नव्हता. हर्षदाला एकदम चाचणीच्या खोलीतला तो वास आला, जळलेल्या रेझिनचा, जो तिच्या केसांतून कित्येक दिवस गेला नव्हता.

तिचं बोट थबकलं. मग ते पुन्हा हलू लागलं. त्या दिवशी तिने केलेलं काम तिच्या आयुष्यातलं सगळ्यात उत्तम होतं. थकलेल्या स्विचचं प्रत्येक रेंगाळणं तिने कंट्रोलरला ओळखीचं करून दिलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि मग संरक्षण परत चढवलं. पंपाने वेग घेतला. मोहोळकरांच्या ओठांवर रंग चढताना सगळ्यांनी पाहिला.

काझी म्हणाल्या, की आता वीस वर्षं चिंता नाही. त्याच दिवशी त्यांनी अहवालात लिहिलं, की रुग्ण चालण्याफिरण्यास आणि कुठेही उपस्थित राहण्यास पूर्ण सक्षम आहे.

मोहोळकर उठून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तो सावकाश सोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "मी सगळं सांगून टाकलं, हर्षदा. तू तुझा शब्द पाळलास. आता फिटलं ना?"

हर्षदा चकतीची वायर गुंडाळत होती. तिने ती पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि मग त्यांच्याकडे वळली.

"मी तुम्हाला कसलाच शब्द दिला नव्हता," ती म्हणाली. "काही मागितलंही नव्हतं. तुम्ही गप्प राहिला असतात, तरी आज मी हेच केलं असतं. इतकंच चांगलं."

त्यांच्या चेहऱ्यावरून ते वाक्य हळूहळू आत उतरताना तिला दिसलं. आधी अविश्वास, मग तो महिना, ते सभागृह, मुलाने फिरवलेली पाठ, पुढे दिसणारं न्यायालय. सगळं फुकट केलं होतं. पडद्यावर पंपाचा वेग वाढला. त्यांची घालमेल त्याने ओळखली आणि हृदयाला हवं तेवढं रक्त तो नेमाने पुरवत राहिला. कंट्रोलर जराही तापला नाही.

खटला वर्षभर चालला. मोहोळकर प्रत्येक तारखेला स्वतःच्या पायांनी जिना चढून यायचे. त्यांना शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मंदाकिनीबाई न्यायालयातून रिक्षाने परतल्या. घरी येऊन त्यांनी सुयोगच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, चहा टाकला आणि दोन कप घेऊन हर्षदासमोर बसल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तो बोलला नसता, तरी तू त्याला म्हणालीस तसं खरंच केलं असतंस का गं? त्याला बरं?"

हर्षदाने कप हातात धरला. तिला ते थबकलेलं बोट आठवलं.

"माहीत नाही, आई."

मंदाकिनीबाईंनी चहाचा एक घोट घेतला, सावकाश गिळला.

"हे त्याला कधी कळू देऊ नकोस," त्या म्हणाल्या.